घरी वाढवलेल्या कोंबड्या कापण्याचा दिवस कसा ठरवावा

परसात पंधरा-वीस पिल्ले वाढवून घरचे चिकन खायचे, असे ज्यांनी प्रथमच ठरवले आहे, त्यांचे सगळे लक्ष सुरुवातीला पिलांना ऊब, पाणी आणि खाद्य देण्यावर असते. कापण्याचा दिवस मात्र ‘मोठ्या झाल्या की बघू’ असे म्हणून पुढे ढकललेला असतो. प्रत्यक्षात खाद्याचा खर्च, मांसाची चव, पक्ष्याचे हाल आणि घरातल्यांची सोय या चारही गोष्टी त्या एका दिवसावर अवलंबून असतात. म्हणून माझे नवख्यांना पहिले सांगणे असे की, पिल्ले आणण्यापूर्वीच कापण्याचा आठवडा ठरवावा आणि त्या आठवड्यातला नेमका दिवस पक्षी हातात घेऊन, वजन करून ठरवावा. आठवडा दिनदर्शिकेवरून आणि दिवस पक्ष्यावरून, हा क्रम उलटा झाला की एक तर पक्षी अपुरे कापले जातात किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस पोसले जातात.

पहिली पायरी : आपली पिल्ले कोणत्या जातीची आहेत

ब्रॉयलर, सुधारित परसबागेतली जात आणि अस्सल गावरान या तिघांचा हिशेब पूर्णपणे वेगळा आहे. दुकानदार ‘मोठी होणारी पिल्ले’ एवढेच सांगत असेल, तर जात नक्की विचारून घ्यावी आणि वहीत लिहून ठेवावी.

ब्रॉयलरची पिल्ले, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारी व्हेनकॉबसारखी पांढरी पिल्ले, झपाट्याने वाढण्यासाठीच तयार केलेली आहेत. कंपनीचे स्टार्टर (सुरुवातीचे) आणि फिनिशर (शेवटच्या टप्प्याचे) खाद्य पोटभर मिळाले, तर ती साधारण ५ आठवड्यांत पावणेदोन किलोच्या आसपास जातात आणि ६ आठवड्यांत २ किलोच्या पुढे सरकतात. त्यांना कापण्याची योग्य मुदत जेमतेम आठ-दहा दिवसांची असते. ती चुकली तर पक्षी वजनाने वाढतो खरा, पण त्याचे पाय, हृदय आणि फुप्फुसे त्या वजनाला पुरी पडत नाहीत.

बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा या जाती परसात फिरून, थोडे खाद्य आणि घरचे दाणे खाऊन वाढतात. यांचे नर साधारण अडीच ते साडेतीन महिन्यांत दीड किलोच्या आसपास येतात. इथे दोन-तीन आठवडे मागेपुढे झाले तरी फारसे बिघडत नाही. आपल्या कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे कोणत्या जातीची पिल्ले कधी मिळतील, हे विचारून मगच पुढचे वेळापत्रक आखावे.

गावरान कोंबडा सव्वा ते दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो आणि कडकनाथही जवळपास तेवढाच संथ वाढतो. या पक्ष्यांच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा वयाची आणि अंगावरची लक्षणे जास्त उपयोगी पडतात. त्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

दुसरी पायरी : सणवार पाहून उलटी मोजणी

आपल्या भागात मांसाहाराचे दिवस ठरलेले असतात आणि नवखा माणूस नेमका हाच हिशेब विसरतो. आखाडात घरोघरी मटण-चिकन शिजते, आषाढी अमावास्या उलटली की श्रावण लागतो आणि अनेक घरांत गणपती उठेपर्यंत चूल शाकाहारी राहते. पुढे पितृपंधरवडा आणि नवरात्र येते. त्यातून सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि संकष्टी पाळणारी घरे वेगळीच. एखाद्याची ब्रॉयलर बॅच श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सहा आठवड्यांची झाली, तर घरात कोणी खाणार नाही, शेजारी घेणार नाहीत आणि पक्षी मात्र रोज दीडशे ग्रॅमहून जास्त खाद्य संपवत राहतील. महिनाभर असे पोसलेले ब्रॉयलर श्रावण संपेपर्यंत तग धरतीलच, याचीही खात्री नसते.

त्यामुळे मोजणी उलटी करावी. आखाडासाठी ब्रॉयलर हवे असतील, तर श्रावण लागण्यापूर्वी किमान दहा दिवस हाताशी राहतील असा कापण्याचा आठवडा धरावा आणि तिथून ४० ते ४२ दिवस मागे जाऊन पिल्ले आणण्याची तारीख काढावी. गिरिराजा किंवा वनराजा असेल तर १२ आठवडे मागे जावे. गावच्या म्हाईसाठी, म्हणजे देवीच्या सामिष गावजेवणासाठी, किंवा जत्रेसाठी पक्षी तयार करायचे असतील तरी हीच रीत; फक्त जत्रेच्या दिवशीच सगळे कापायचे असे न ठरवता, चार दिवस आधीपासून पक्षी तयार असतील असे बघावे. आपल्याकडे अनेक गावांत कोंबडी कापायला मुलाण्याला बोलावण्याची पद्धत आहे आणि जत्रेच्या सकाळी त्यांना क्षणाची उसंत नसते. त्यांची वेळ आधी विचारून ठेवावी.

हवामानाचाही याच टप्प्यावर विचार करावा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले या सखल तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत दुपार फार तापते आणि पत्र्याच्या शेडखाली तर तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जाते. दोन किलोच्या जवळ आलेल्या ब्रॉयलरला अंगातली उष्णता बाहेर टाकणे जमत नाही, कारण कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. अशा दिवसांत ठरलेल्या वजनाला दोनशे ग्रॅम कमी असले तरी पक्षी कापून मोकळे व्हावे. एका दुपारी तीन पक्षी मेले तर वाट पाहून मिळालेले सगळे वजन त्यात जाते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पावसाच्या पट्ट्यात अडचण वेगळी असते. तिथे जून-जुलैमध्ये भाताच्या तुसाची किंवा भुश्शाची गादी ओली राहते, ओल्या गादीवर रक्ती हगवण होते, हगवणीसाठी औषध द्यावे लागते आणि औषध दिले की ठरावीक काळ पक्षी कापता येत नाही. पाचव्या आठवड्यात औषध देण्याची वेळ आली, तर ब्रॉयलरची ती आठ-दहा दिवसांची मुदत त्यातच निघून जाते. म्हणून पावसाळ्यातल्या बॅचमध्ये गादी कोरडी ठेवणे हे कापण्याचा दिवस सांभाळण्याचेच काम आहे. गादी रोज उलथापालथी करावी, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस काढून टाकावे आणि पावसाची झड आत येणारी बाजू पोत्यांनी झाकताना वरून हवा खेळती राहील एवढी फट सोडावी.

तिसरी पायरी : वजन आणि खाद्य यांचा आठवड्याचा हिशेब

यासाठी शंभर ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा टांगता काटा पुरतो. पक्षी वीसच्या आत असतील तर दर आठवड्याला सगळ्यांचे वजन करावे. जास्त असतील तर पाच-सहा पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून दर वेळी त्यांचेच वजन घ्यावे. दर वेळी हाताला लागतील ते पक्षी तोलले, तर सुस्त आणि जड पक्षी आधी सापडतात आणि सरासरी फसवी निघते. वजन सकाळी, खाद्य घालण्यापूर्वी करावे. खाद्याचे पोते उघडले की तारीख टाकावी आणि आठवड्याला किती किलो संपले, ते लिहावे.

आता या दोन आकड्यांतून निर्णय कसा निघतो ते पाहू. समजा, खाद्य ४५ रुपये किलो आहे. पाचव्या आठवड्यात एका पक्ष्याने रोज १३० ग्रॅम, म्हणजे आठवड्यात ९१० ग्रॅम खाद्य खाल्ले आणि त्याचे वजन ४५५ ग्रॅमने वाढले. म्हणजे वाढलेल्या दर किलो जिवंत वजनाला २ किलो खाद्य, अर्थात ९० रुपये लागले. सहाव्या आठवड्यात तो रोज १६० ग्रॅम खाऊ लागला आणि वाढ ४२० ग्रॅम झाली, तर हाच खर्च १२० रुपये किलोवर जातो. सातव्या आठवड्यात १७० ग्रॅम खाऊन वाढ ३५० ग्रॅमच झाली, तर तो १५३ रुपये होतो. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या वहीतले आकडे त्या जागी घालावेत. ज्या आठवड्यात हा खर्च गावातल्या चिकन सेंटरमधल्या जिवंत कोंबडीच्या दराच्या वर जाऊ लागतो, तो आठवडा थांबण्याचा. त्यानंतर पक्षी ठेवणे म्हणजे दुकानापेक्षा महाग मांस घरी तयार करणे.

घरच्या मांसाला दुकानाच्या दराशी तोलायचेच कशाला, असे काहीजण विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे. घरचे खाद्य, घरची देखरेख यांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. तरीही हा हिशेब मांडावा, कारण खाद्य जास्त आणि वाढ कमी असे होऊ लागते, तेव्हा जास्तीचे खाद्य मांसाऐवजी पोटातल्या चरबीत जात असते. ती चरबी साफ करताना आपण काढून टाकतो.

वजनाचे लक्ष्य ठरवताना स्वयंपाकाचाही विचार करावा. ब्रॉयलर कातडे काढून साफ केला की जिवंत वजनाच्या साधारण ६५ टक्के मांस हाती येते. कातड्यासह ठेवला तर ७० टक्क्यांच्या आसपास. अख्खी कोंबडी तंदूरसाठी हवी असेल, तर जिवंत १,२०० ते १,३०० ग्रॅमचा, साधारण चार आठवड्यांचा पक्षी उत्तम. सुक्के आणि तांबडा रस्सा करायचा असेल, तर दोन किलोचा पक्षी पाच-सहा जणांच्या घराला पुरतो. पांढऱ्या रश्श्याचा मात्र सगळा जीव अळणीत, म्हणजे तिखट-मसाल्याविना शिजवलेल्या मांसाच्या पाण्यात, असतो आणि सहा आठवड्यांच्या ब्रॉयलरचे अळणी पाणी पातळच लागते. ज्यांना रश्श्यासाठीच कोंबडी वाढवायची आहे, त्यांनी ब्रॉयलरच्या वाटेला न जाता चार-पाच महिन्यांचा गिरिराजा किंवा गावरान कोंबडा धरावा. वयाबरोबर मांसातले बंध घट्ट होतात, त्यामुळे तो शिजायला वेळ घेतो. पण मंद आचेवर तेच बंध पाण्यात उतरतात आणि अळणीला दाटपणा व चव येते.

चौथी पायरी : पक्षी हातात घेऊन पाहणे

वहीने आठवडा निश्चित केला की पुढचे काम हातांचे. भल्या पहाटे किंवा रात्री मंद उजेडात पक्षी शांत असतात, तेव्हा एकेक उचलून पाहावा. पक्ष्याच्या दोन्ही पंखांवरून तळवे ठेवून, अंगाशी धरून उचलावे. पाय धरून उलटे लोंबकळत नेले तर जड ब्रॉयलरच्या मांड्यांत रक्त साकळते आणि कधी सांधाही निखळतो.

प्रथम छातीवर हात फिरवावा. छातीच्या मधोमध उभे हाड असते. त्याची कड बोटांना सुरीच्या पाठीसारखी टोचत असेल आणि दोन्ही बाजूंचे मांस आत दबलेले असेल, तर पक्षी अजून भरायचा आहे. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस गोलाकार भरून आले असेल आणि हाड त्या मांसात बुडाल्यासारखे लागत असेल, तर पक्षी तयार आहे. गिरिराजा व गावरान पक्ष्यांची छाती कधीच ब्रॉयलरसारखी भरत नाही. तिथे हाडाची कड थोडी जाणवणारच. दोन्ही बाजूंचा खड्डा नाहीसा झाला एवढे पुरे. याच हाडाचे मागचे टोक, पोटाकडे जिथे ते संपते तिथे, अंगठ्याने हळूच दाबून पाहावे. ते लवचीक असून वाकत असेल तर पक्षी कोवळा आहे आणि लवकर शिजेल. ते टणक झाले असेल तर वय उलटले आहे, असे समजून शिजवण्याची तयारी तशी ठेवावी. बाजारातून गावरान म्हणून कोंबडा घेतानाही ही खूण उपयोगी पडते.

नंतर पिसे पाहावीत. मानेमागची, पाठीवरची आणि छातीवरची पिसे बोटांनी उलट दिशेने बाजूला सारून मुळाशी बघावे. निळसर-काळपट, रक्ताने भरलेले कोवळे खुंट दाट दिसत असतील, तर नवी पिसे फुटण्याचा काळ चालू आहे. अशा वेळी कापलेला पक्षी सोलताना ते खुंट कातड्यातच तुटून राहतात आणि एकेक उपटण्यात तास जातो. संथ वाढणाऱ्या जातींत साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापासून पुढे काही आठवडे हा प्रकार चालतो. दहा-पंधरा दिवस थांबले की पिसे पक्व होतात आणि खुंट स्वच्छ, पांढरट दिसू लागतात. अर्थात ज्या घरात कोंबडी कातडे काढूनच शिजवतात, त्यांनी या कारणासाठी थांबण्याची मुळीच गरज नाही. गावरान कोंबडी जाळावर भाजून कातड्यासकट शिजवणाऱ्यांनी मात्र पिसांची खात्री करूनच दिवस धरावा.

शेवटी पाय आणि चाल. ब्रॉयलरच्या बाबतीत मी ही खूण वजनाच्याही वर मानतो. शेडच्या दाराशी पाच मिनिटे शांत उभे राहावे आणि खाद्याचे भांडे हलवून पाहावे. निरोगी पक्षी उठून चालत येतो. जो दोन पावले टाकून बसतो, पंख टेकवून तोल सावरतो किंवा उठतच नाही, त्याचे पाय वजनाखाली हरले आहेत. ज्याचा तुरा जांभळट पडला आहे, सावलीतही जो चोच उघडून धापा टाकतो आणि ज्याचे पोट पाण्याने भरल्यासारखे लिबलिबीत लागते, त्याचे हृदय थकले आहे आणि असा पक्षी एके सकाळी मरून पडलेला सापडतो. वीसपैकी दोन-तीन पक्ष्यांची चाल बिघडलेली दिसली, तर बाकीच्यांचे वजन लक्ष्याला पोचलेले नसले तरी पूर्ण बॅच त्याच आठवड्यात संपवावी. आपण ज्याला दाणापाणी घालून वाढवले, त्याला शेवटचा आठवडा ओल्या गादीवर बसून, छातीवर फोड घेऊन काढायला लावणे योग्य नाही. पायाने अधू झालेला, पण डोळ्यांनी तरतरीत, खाणारा आणि स्वच्छ विष्ठा टाकणारा पक्षी लगेच कापून खायला हरकत नसते. पोटात पाणी झालेला पक्षी मात्र खाऊ नये.

गावरान आणि गिरिराजाचे नर वेगळ्या खुणा देतात. तुरा लाल होऊन उभा राहतो, आरवणे सुरू होते, एकमेकांवर झडप घालणे आणि माद्यांच्या मागे लागणे वाढते, पायांच्या मागच्या बाजूला काट्याचा टणक उंचवटा दिसू लागतो. आरवायला लागल्यापासून पुढचे तीन-चार आठवडे हा नर कापण्याचा चांगला काळ आहे. त्यापुढे मांस निबर होऊ लागते, झुंजीत अंगावर जखमा होतात आणि चार-पाच नर एकत्र असतील तर तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्यांना, खुराड्यात टिकू देत नाहीत.

कोणता कापावा, कोणता ठेवावा

फक्त ब्रॉयलर असतील तर हा प्रश्न येत नाही, सगळेच जायचे असतात. तिथे टप्प्याटप्प्याने कापणे फायद्याचे ठरते : सर्वांत जड चार-पाच नर पाचव्या आठवड्यात काढले, की उरलेल्यांना जागा मिळते आणि हलक्या माद्या पुढच्या आठ दिवसांत भरून येतात. एका मोठ्या ब्रॉयलरला किमान एक चौरस फूट जागा लागते, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

ज्या घरात पुढची पिढीही त्याच कोंबड्यांपासून घ्यायची आहे, तिथे एक चुकीची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पाहुणे आले की कळपातला सर्वांत मोठा, सर्वांत आधी भरलेला कोंबडा कापला जातो आणि किरकोळ राहिलेला, म्हणून वाचलेला नर पुढे कळपाचा बाप होतो. चार-पाच वर्षे असे चालले की ‘आमच्या गावरान कोंबड्या आता पूर्वीसारख्या वाढत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. यावर उपाय सोपा आहे. नर तीन महिन्यांचे झाले, की सर्वांत चपळ, सरळ पायाचा आणि लवकर वाढलेला एक किंवा दोन निवडून त्यांच्या पायांत कडी घालावी आणि कितीही मोठा पाहुणा आला तरी त्यांना हात लावायचा नाही, हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तलंग कापू नये, कारण इतके महिने पोसल्याचा मोबदला ती नेमका आता देणार असते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली कोंबडी वजनाने उतरलेली असते. तिलाही त्या काळात कापण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी : ज्या दिवशी मुळीच कापू नये

सर्व खुणा जुळल्या तरी दोन कारणांनी कापणे थांबवावे लागते.

पहिले कारण औषध. पक्ष्यांना प्रतिजैविक किंवा दुसरे कोणतेही औषध दिले असेल, तर त्याच्या वेष्टनावर मांसासाठी थांबण्याचे दिवस लिहिलेले असतात आणि ते शेवटच्या मात्रेपासून मोजायचे असतात. औषधांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, असा काळ निश्चित झालेला नसेल तिथे कोंबडीच्या मांसासाठी तो किमान २८ दिवसांचा धरावा लागतो. ब्रॉयलरचे सगळे आयुष्यच सहा आठवड्यांचे असते, हे लक्षात घेतले तर तिसऱ्या आठवड्यानंतर सहज म्हणून ‘पाण्यातून पावडर’ देणे किती महागात पडते ते कळेल. कोलिस्टिन हे औषध तर २०१९ पासून मांसासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला देशात बंदी आहे. कोणी जुनी पुडी दिली तर घेऊ नये. लसीच्या बाबतीतही वेष्टन वाचावे. खाद्याच्या पोत्यावर औषध मिसळल्याची नोंद असेल, तर शेवटच्या काही दिवसांसाठी औषधविरहित फिनिशर घ्यावे. दिलेले प्रत्येक औषध तारखेसह त्याच वहीत लिहावे, कारण तीन आठवड्यांपूर्वी काय दिले होते हे कुणालाच नीट आठवत नाही.

दुसरे कारण आजार. पंख पाडून, डोळे मिटून बसणे, हिरवट हगवण, मान वाकडी होणे, घरघर ही लक्षणे दिसत असतील, तर मरण्यापूर्वी कापून घेऊ हा विचार मनात आणू नये. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, तर उरलेले कापू नयेत, विकू नयेत आणि मेलेले ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवावे. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा काय झाले हे महाराष्ट्रातल्या कोंबडीपालकांनी पाहिले आहे.

सहावी पायरी : आदली रात्र आणि ती सकाळ

दिवस ठरला की आदल्या रात्री आठ-नऊ वाजता ब्रॉयलरचे खाद्य काढून घ्यावे आणि पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवावे. सकाळी सहा-सातला कापेपर्यंत नऊ-दहा तास होतात आणि आतडी रिकामी होतात. भरल्या पोटी कापले तर साफ करताना आतडे फुटून मांस खराब होते. त्याउलट बारा तासांच्या पुढे उपाशी ठेवले तर आतडी नाजूक होऊन तुटतात आणि पित्ताची पिशवी फुगलेली असल्याने फुटण्याचा धोका वाढतो. उपाशी पक्षी गादीतले तूस टोचून खातात, म्हणून त्यांना रात्री जाळीच्या तळाच्या खोक्यात ठेवणे चांगले. गावरान पक्षी अंधार पडल्यावर खातच नाहीत. त्यांना सकाळी खुराड्यातून बाहेर सोडण्यापूर्वी कापले की उपास आपोआप घडतो. फक्त गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी लागते का, तेवढे बोटांनी चाचपावे.

काम उजाडताच सुरू करावे. ऊन चढण्यापूर्वी मांस थंड व्हायला हवे आणि माश्याही कमी असतात. एका नवख्या माणसाला दोन मदतनीस असले तरी पहिल्या सकाळी पाच-सहा पक्ष्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. ज्यांना स्वतः कापणे जमणार नाही, त्यांनी पक्षी जवळच्या चिकन सेंटरमध्ये नेऊन कापून घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही, मात्र दुकानदाराला आदल्या दिवशी विचारावे आणि रविवार टाळावा. कातड्यासह ठेवायचे असेल तर पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम असावे आणि पक्षी त्यात साधारण मिनिटभर बुडवावा. त्याहून गरम पाण्यात कातडे शिजून फाटते. मांस घराबाहेर विकायचे असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणी आणि स्थानिक संस्थेचे नियम लागू होतात, त्यांची चौकशी आधी करावी.

कापल्यानंतर तासाभरात मांस आखडू लागते आणि नेमक्या त्या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट लागते. एक तर कापून, धुऊन लगेच चुलीवर चढवावे किंवा थंड पाण्यात गार करून सहा ते आठ तास फ्रीजमध्ये झाकून ठेवावे. गावरान कोंबडा रात्रभर ठेवला तर उत्तमच. फ्रीझरमध्ये टाकायचे असेल तरी आखडणे उतरल्यावरच टाकावे.

साफ करतानाच पुढच्या बॅचचा दिवस ठरवायला लागणारी माहिती समोर येते, म्हणून वही तिथेच जवळ ठेवावी. पोट उघडल्यावर मागच्या बाजूला असलेली पिवळी चरबी पाहावी. ती सुपारीएवढी असेल तर वेळ बरोबर साधली. मूठभर निघाली तर पुढच्या वेळी चार-पाच दिवस आधी कापावे किंवा शेवटच्या आठवड्यातला मका कमी करावा. कलेजी तांबूस-तपकिरी आणि गुळगुळीत असावी. तिच्यावर पांढरे ठिपके किंवा गाठी असतील तर तो पक्षी खाऊ नये आणि असे दुसऱ्या पक्ष्यातही दिसले तर पशुवैद्यकाला दाखवावे. साफ झालेल्या मांसाचे वजन करून ते सकाळच्या जिवंत वजनाशेजारी लिहावे, त्याखाली पक्ष्याचे वय आणि शिजायला लागलेला वेळ लिहावा, आणि पुढची पिल्ले आणण्याची तारीख शेड झाडून, जुनी गादी काढून, चुना मारून किमान दोन आठवडे रिकामी राहील अशा बेताने त्याच पानावर टाकावी.